धोरणाचा हिशेब मागण्याचा हक्क

सरकार एक रुपया खर्च करते तेव्हा त्या रुपयाचा माग काढण्याची व्यवस्था आपल्या राज्यघटनेने करून ठेवली आहे. अनुच्छेद १४८ ते १५१ अन्वये नियंत्रक व महालेखापरीक्षक हे स्वतंत्र पद निर्माण झाले. त्यांचा अहवाल विधिमंडळापुढे ठेवावाच लागतो आणि लोकलेखा समिती त्याची छाननी करते. ही व्यवस्था संथ असेल, कित्येकदा निष्प्रभही ठरत असेल; पण ती मंत्र्यांच्या मर्जीवर अवलंबून नाही. मात्र ज्या धोरणापायी तो रुपया खर्च झाला, त्या धोरणाने माणसांचे काय झाले, हे तितक्याच अधिकाराने विचारण्याची सोय आपण केलेली नाही. पैशाच्या हिशेबाला घटनेचा आधार आहे, माणसांच्या हिशेबाला नाही. ही उणीव तांत्रिक स्वरूपाची नसून लोकशाहीच्या गाभ्याशी निगडित आहे, असे माझे म्हणणे आहे.

अलीकडची दोन उदाहरणे घेऊ. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे व हजार रुपयांच्या नोटा रद्द झाल्या. त्यातून काळा पैसा बाहेर पडेल असे सांगण्यात आले. रद्द झालेल्या १५.४१ लाख कोटी रुपयांपैकी १५.३१ लाख कोटी रुपये बँकांत परत आले, हे रिझर्व्ह बँकेच्या अहवालातून देशाला कळले ते ऑगस्ट २०१८ मध्ये. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने तो निर्णय वैध ठरविला. पण न्यायालयापुढचा प्रश्न निर्णय कायदेशीर होता की नाही, हा होता. रोजंदारीवरच्या मजुराचे, भाजीविक्रेत्या बाईचे, यंत्रमाग कामगाराचे त्या हिवाळ्यात काय झाले, हा प्रश्न ज्याच्यापुढे मांडावा असे पीठच देशात नव्हते.

दुसरे उदाहरण तीन कृषी कायद्यांचे. जून २०२० मध्ये अध्यादेश निघाले, सप्टेंबरमध्ये त्यांचे कायदे झाले आणि वर्षभराच्या आंदोलनानंतर नोव्हेंबर २०२१ मध्ये ते रद्द झाले. त्यांच्या परिणामांचा विचार करण्यासाठी समिती नेमली गेली, परंतु ती कायदे होऊन गेल्यावर, जानेवारी २०२१ मध्ये, आणि तीही सर्वोच्च न्यायालयाने नेमली. जे काम विधेयक मांडण्यापूर्वी सरकारने करावयाचे, ते शेतकऱ्यांना थंडीत रस्त्यावर बसून करवून घ्यावे लागले. आंदोलन हे जनतेचे शस्त्र आहेच. पण प्रत्येक धोरणाचे मूल्यमापन आंदोलनानेच व्हावयाचे असेल, तर ज्यांना आंदोलन करणे परवडत नाही त्यांच्या वाट्याला कोणते मूल्यमापन येणार?

येथे कोणी म्हणेल की मूल्यमापनाच्या संस्था आपल्याकडे होत्या आणि आहेत. खरे आहे. १९५२ मध्ये समूह विकास कार्यक्रमाबरोबरच नियोजन आयोगाच्या छत्राखाली कार्यक्रम मूल्यमापन संघटना स्थापन झाली. अशी व्यवस्था उभारणाऱ्या जगातील आरंभीच्या देशांत आपली गणना होते. महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेची या संघटनेने राज्य सरकारसमवेत केलेली संयुक्त पाहणी १९८० मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे केंद्र सरकारने एक स्वतंत्र मूल्यमापन कार्यालय स्थापन केले. २०१४ मध्ये या कार्यालयाने खुद्द नियोजन आयोगच मोडीत काढण्याची शिफारस केली. त्याच वर्षी नवे सरकार आले, आणि सप्टेंबरमध्ये या कार्यालयाच्या महासंचालकांनाच पदमुक्त करण्यात आले. २०१५ मध्ये ही दोन्ही कार्यालये नीती आयोगाशी संलग्न अशा एका नव्या विभागात विलीन झाली. शिफारस योग्य की अयोग्य, हा येथे मुद्दा नाही. जी संस्था शासकीय आदेशाने जन्मते, ती शासकीय आदेशानेच मरते. आणि परीक्षकाची नेमणूक परीक्षार्थ्याच्या हाती असली की गुणपत्रिकेचा भरवसा धरता येत नाही, हा खरा मुद्दा आहे.

मेक्सिकोचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. तेथे २००४ च्या सामाजिक विकास कायद्याने सामाजिक धोरणांचे मूल्यमापन करणारी आणि दारिद्र्याचे मोजमाप करणारी राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. २०१४ मध्ये तिला घटनात्मक स्वायत्तता मिळाली. २०२४ च्या अखेरीस ती रद्द करण्याचा निर्णय झाला आणि २०२५ मध्ये तिचे काम सांख्यिकी संस्थेकडे गेले. तेथेही संस्था अखेर टिकली नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु ती मोडण्यासाठी घटनेत दुरुस्ती करावी लागली. ते काम उघड्यावर, लोकप्रतिनिधींच्या मतदानाने करावे लागले. आपल्याकडे एक आदेश पुरला. कायद्याचे अधिष्ठान अमरत्व देत नाही. पण गुपचूप मरण तरी टाळते.

मग आपल्या कायद्यात काहीच आधार नाही काय? आहे, आणि तो आपण विसरता कामा नये. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे कलम ४(१)(ग) सांगते की लोकांवर परिणाम करणारी महत्त्वाची धोरणे आखताना वा निर्णय जाहीर करताना सर्व संबंधित वस्तुस्थिती प्रसिद्ध केली पाहिजे. २०१४ च्या प्रारंभी केंद्र सरकारने विधिपूर्व विचारविनिमयाचे धोरण स्वीकारले. विधेयकाचा मसुदा किमान तीस दिवस लोकांपुढे ठेवावा आणि पर्यावरण, मूलभूत हक्क व संबंधितांची उपजीविका यांवर होणाऱ्या परिणामांचा अंदाज सोबत द्यावा, असे त्यात म्हटले आहे. धोरण उत्तम, पण ते केवळ धोरण आहे, कायदा नव्हे. कृषी अध्यादेशांच्या वेळी ते कोणाच्या आड आले नाही.

सर्वांत स्पष्ट आधार होता तो २०१३ च्या भूसंपादन कायद्याचा. त्याच्या दुसऱ्या प्रकरणात सामाजिक परिणाम निर्धारण सक्तीचे केले आहे. ग्रामसभेशी विचारविनिमय, बाधित क्षेत्रात जनसुनावणी, स्थानिक भाषेत अहवाल आणि त्या अहवालावर तज्ज्ञगटाचे मत, असा हा क्रम आहे. समाजाला सोसावी लागणारी हानी लाभाहून अधिक आहे असे तज्ज्ञगटाचे मत पडले, तर तो प्रकल्प सोडून देण्याची शिफारस करू शकतो; आणि ती डावलावयाची असेल तर सरकारला लेखी कारणे द्यावी लागतात. या शेवटच्या तरतुदीकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. निर्णयाचा अधिकार निवडून आलेल्या सरकारकडेच राहतो, तज्ज्ञांचे राज्य येत नाही. फक्त सरकारला तोंड उघडून बोलावे लागते.

या कायद्याची शाई वाळते न वाळते तोच, डिसेंबर २०१४ च्या अध्यादेशाने पाच वर्गांतील प्रकल्पांना या प्रकरणातून सूट देण्याची वाट काढली. देशभर विरोध झाला, ऑगस्ट २०१५ मध्ये अध्यादेश व्यपगत झाला. पण जे संसदेच्या दारातून आत आले नाही ते राज्यांच्या खिडक्यांतून शिरले. गुजरातने २०१६ मध्ये आणि महाराष्ट्राने २०१८ मध्ये दुरुस्त्या करून तशाच सवलती आणल्या. ज्या महाराष्ट्राने १९७६ मध्येच प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला आणि कोयनेच्या धरणग्रस्तांची पिढ्यान्‌पिढ्यांची परवड डोळ्यांनी पाहिली, त्या महाराष्ट्राने हे करावे, याची खंत वाटते.

रोजगार हमीची कथाही हेच सांगते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९७२ च्या दुष्काळात आकाराला आलेली ही योजना १९७७ च्या कायद्याने हक्क बनली आणि विधिमंडळाची स्वतंत्र समिती तिच्यावर देखरेख करू लागली. २००५ च्या राष्ट्रीय कायद्याने कलम १७ मध्ये ग्रामसभेला सामाजिक लेखापरीक्षणाचा अधिकार दिला. गावापुढे हजेरीपट वाचला जाऊ लागला, तेव्हा कागदावर मजुरी घेतलेल्या मृतांची नावे गावानेच ओळखली. त्या कायद्याची जागा घेणारे विधेयक १६ डिसेंबर २०२५ रोजी लोकसभेत मांडले गेले आणि त्याच आठवड्यात दोन्ही सभागृहांत संमतही झाले. कोट्यवधी ग्रामीण कुटुंबांच्या उपजीविकेला हात घालणाऱ्या विधेयकाला स्थायी समितीची वाट दाखविण्याचीही गरज वाटू नये, यापेक्षा संस्थात्मक पोकळीचा आणखी पुरावा कोणता हवा?

आता थोडे आपल्या बाजूचेही बोलू. परिणाम-निर्धारण हा शब्द उच्चारला म्हणजे न्याय झाला, असे नाही. अमेरिकेत फेब्रुवारी १९८१ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी प्रत्येक मोठ्या नियमाचे खर्च-लाभ विश्लेषण सक्तीचे केले. कामगारांची सुरक्षितता आणि पर्यावरण यांसंबंधीचे नियम रोखण्यास त्याचा उपयोग झाला. कारखानदाराचा खर्च रुपया-डॉलरात मोजता येतो. कामगाराच्या फुप्फुसाची किंमत कोणत्या रकान्यात लिहावयाची? अर्थशास्त्राच्या वर्गात मी अनेक वर्षे खर्च-लाभ विश्लेषण शिकविले. त्यातील गणित चोख असते. पण गायरान गेलेल्या बाईची शेळी त्या गणितात सहसा सापडत नाही. म्हणूनच लाभ एकूण किती झाला एवढे विचारून भागत नाही. तो कोणाला झाला आणि तोटा कोणी सोसला, हे वर्ग, जात आणि लिंग यांनुसार विचारले पाहिजे.

आणि ही कसोटी आपल्या आवडत्या योजनांनाही लावली पाहिजे. महाराष्ट्रात २०१७ व २०१९ मध्ये कर्जमाफी जाहीर झाली. तिची मागणी करण्यात आपणही होतो आणि ते चुकले असे मी म्हणत नाही. पण बँकेच्या दारापर्यंत न पोचलेल्या, सावकाराकडून कर्ज काढणाऱ्या शेतकऱ्याला आणि भूमिहीन शेतमजुराला तिच्यातून काय मिळाले, हे आपण आग्रहाने विचारले का? जो हिशेब विरोधकांकडे मागावयाचा, तो स्वतः देण्याची तयारी नसेल तर आपली मागणी केवळ डावपेच ठरेल.

तात्पर्य, मागणी नेमकी काय असावी? पहिली गोष्ट, खर्चाचा भार असलेल्या विधेयकाला वित्तीय ज्ञापन जोडावे लागते, तसे प्रत्येक महत्त्वाच्या विधेयकाला परिणाम-ज्ञापन जोडणे बंधनकारक व्हावे. यासाठी घटनादुरुस्तीची गरज नाही. अनुच्छेद ११८ व २०८ अन्वये सभागृहे आपले नियम स्वतः करतात. दुसरी, मूल्यमापनाची संस्था कायद्याने स्थापन व्हावी, ती विधिमंडळाला उत्तरदायी असावी आणि तिचा अहवाल ठरावीक मुदतीत पटलावर आलाच पाहिजे. तिसरी, बाधितांची सुनावणी त्यांच्या गावात, त्यांच्या भाषेत व्हावी आणि त्यांचे म्हणणे डावलताना सरकारने लेखी कारणे द्यावीत. चौथी, गोपनीयतेच्या वा निकडीच्या कारणाने पूर्वपरीक्षण शक्य नसेल, तर एक वर्षाच्या आत उत्तरपरीक्षण सक्तीचे असावे. नोटा रद्द करताना गुप्तता हवी होती, हे क्षणभर मान्य केले तरी नंतर कोणती गुप्तता आड येत होती?

यामुळे विलंब होईल, हा आक्षेप नेहमीचा आहे. भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणाम निर्धारणासाठी सहा महिन्यांची मुदत घातली आहे. सहा महिने थांबल्याने जो प्रकल्प बुडतो, तो मुळातच कितपत भक्कम होता? उलट, घाईने केलेले तीन कायदे दीड वर्षाच्या आत गुंडाळावे लागले, तो विलंब कोणाच्या खात्यावर लिहावयाचा?

कार्यकर्त्यांनी कायदा होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. आपल्या तालुक्यात येणाऱ्या पुढच्या प्रकल्पाचा, बंद होणाऱ्या शाळेचा, बदललेल्या शिधावाटपाच्या नियमाचा आधार काय, हे कलम ४ चा हवाला देऊन लेखी विचारा. ग्रामसभेत ते उत्तर मोठ्याने वाचा. उत्तर आले नाही, तर तेही ग्रामसभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्या. रोजगार हमी ही आधी दुष्काळातल्या मजुराची मागणी होती, नंतर योजना झाली आणि मग हक्क झाला. धोरणाचा हिशेबही त्याच वाटेने हक्क बनेल. मात्र तो मागणारा आवाज आधी गावोगावी ऐकू आला पाहिजे.