आजीला उत्तर मराठीत

बालाघाटात राहून मुलांना मराठीचा काय उपयोग, असे काही पालक आम्हाला विचारतात. त्यांना आम्ही फादर थॉमस स्टीफन्स यांची गोष्ट सांगतो. हे इंग्रज कॅथलिक धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आले. इथे येऊन मराठी शिकले आणि सुमारे ११ हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. इतर पाद्र्यांना शिकता यावे म्हणून त्यांनी कोकणीचे व्याकरणही लिहिले. हेतू धर्मप्रसाराचा होता, हे खरेच. पण लोकांशी त्यांच्या भाषेत बोलण्यासाठी एवढे कष्ट!

आपल्या घरी आजी मराठीत विचारते, नातू हिंदीत उत्तर देतो. हिंदी इथली भाषा, ती यावीच. पण आजीला उत्तर मराठीत मिळावे. मूल चुकले, तर पालकांनी हसू नये.