न पाहिलेल्या मैत्रिणीसाठी बारा गाणी

हिंसाचार, कायदा, रेशन, जमीन अशा विषयांना वाहिलेल्या आपल्या अंकाच्या पहिल्याच पानावर गाण्यांबद्दल काय लिहायचं, असं काहीजणींना वाटेल. पण गेले दोन महिने मी एका अनोळखी बाईसाठी गाणी निवडते आहे, आणि या कामात जे प्रश्न समोर आले ते आपल्या रोजच्या कामाचेच आहेत. म्हणून यावेळचं संपादकीय त्यावर.

झालं असं, की आपल्या वेगवेगळ्या गावांतल्या गटांनी मिळून गाण्यांची देवघेव करायचं ठरवलं. प्रत्येकीने नाव न घालता एक चिठ्ठी लिहायची: काम काय करते, कोणत्या भाषा कळतात, गाणी कधी आणि कशावर ऐकते. चिठ्ठ्या मिसळून वाटायच्या. जिची चिठ्ठी आपल्याकडे येईल तिच्यासाठी बारा गाण्यांचा संग्रह करून पाठवायचा. सिनेमाची गाणी नकोत, मोठ्या कंपन्यांनी बाजारात आणलेली नकोत. हल्ली ज्याला 'इंडी' म्हणतात ते स्वतंत्र संगीत, म्हणजे कलावंतांनी स्वतःच्या बळावर रचलेलं आणि लोकांपर्यंत नेलेलं, तेवढंच घ्यायचं. शिवाय गाणं विकत घ्यायचं, नाहीतर कलावंताला विचारून घ्यायचं.

माझ्या वाट्याला आलेली चिठ्ठी अशी: "घरीच शिलाई करते. मराठी, हिंदी कळतं. दुपारी मशीन चालवताना ऐकते. पेन ड्राइव्ह लावायचा छोटा स्पीकर आहे. फोन बहुतेक वेळ मुलाकडे असतो."

एवढ्यावरून बाई कळते का? कळत नाही. पण आपण किती वेळा याहूनही कमी माहितीवर 'वस्तीतल्या महिलांसाठी' पत्रकं काढतो, शिबिरं आखतो! तिथे समोर 'महिला' असतात. इथे एकच बाई आहे, आणि तिला दुपारी दोन वाजता, मशीनच्या आवाजात काय ऐकावंसं वाटेल, हा प्रश्न आहे.

या देवघेवीला मोठी परंपरा आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरपर्यंत आपल्याकडे ध्वनिमुद्रिकांचा बाजार जवळजवळ एचएमव्हीच्या हाती होता. कोणाचा आवाज तबकडीवर जाणार हे कंपनी ठरवायची. १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि छोट्या-छोट्या कंपन्यांनी भीमगीतं, लोकगीतं, भारुडं गावोगाव पोहोचवली. एका कॅसेटवरून दुसरी भरता येऊ लागली, तशी स्त्रीमुक्तीची गाणीही शिबिरांतून हातोहात पसरली.

अमेरिकेतही त्याच सुमारास कॅसेटच कामाला आली. १९९१ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपिया या गावातल्या 'बिकिनी किल' या बँडने आपली पहिली कॅसेट स्वतःच काढली. 'रायट गर्ल' म्हणून ओळखल्या गेलेल्या त्या चळवळीतल्या मुली हाताने लिहिलेल्या, झेरॉक्स केलेल्या पत्रिका आणि कॅसेट एकमेकींना टपालाने पाठवत. पुढे १९९५ मध्ये मिरांडा जुलै या कलावंत मुलीने असंच काम चित्रफितींचं केलं. कोणाही बाईने आपली छोटी फिल्म आणि पाच डॉलर पाठवायचे, की तिला इतर बायकांच्या फिल्म एकत्र केलेली टेप परत मिळायची. एकमेकींना कधीही न भेटलेल्या बायका अशा एका टेपवर शेजारी आल्या. त्या 'रायट गर्ल' चळवळीत बहुतेक मुली गोऱ्या आणि मध्यमवर्गीय होत्या, ही टीकाही तेव्हाच झाली. ती आपल्यालाही लागू आहे. माझ्याकडची गाणी मी पाठवते, पण 'माझ्याकडची' म्हणजे कोणाची?

म्हणून यादीची सुरुवात जात्यापासून केली. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी कित्येक वर्षं गावोगाव हिंडून महाराष्ट्रातल्या बायकांच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून त्या 'पारी'च्या संकेतस्थळावर टप्प्याटप्प्याने येत आहेत. सासरी पहाटे दळणाऱ्या बाईने दूरच्या आईला, भावाला आणि समोरच्या जात्याला उद्देशून गायलेल्या या ओव्यांना ना कंपनी होती, ना श्रोते. मशीनवर बसलेल्या बाईला हाताच्या कामाबरोबर चालणारा आवाज परका वाटणार नाही, असा माझा अंदाज आहे.

मग एकतारीवर भीमगीतं गाणाऱ्या कडूबाई खरात. कोणीतरी फोनवर टिपलेल्या व्हिडिओंमधून त्यांचा आवाज घराघरांत गेला. मग जालंधरची गिन्नी माही, जिने पंजाबी पॉपच्या ठेक्यावर बाबासाहेबांची गाणी गायली. महादेव कोळी समाजातून आलेली, आदिवासींच्या हक्कांवर मराठीत रॅप करणारी माही जी. मुंबईतल्या 'वाइल्ड वाइल्ड विमेन' या रॅपर मुलींचा गट. चेन्नईची इसैवाणी: गाना हा तिथल्या कष्टकरी वस्त्यांतला, मुख्यतः पुरुषांनीच गाजवलेला प्रकार, तो ती 'कास्टलेस कलेक्टिव्ह' या बँडबरोबर गाते. तमिळ तिला कळणार नाही, मलाही कळत नाही. सोबतच्या कागदावर दोन ओळींत अर्थ लिहिला आहे.

बाराही गाणी लढ्याची असावीत का? यावर आमच्या बैठकीत तासभर वाद झाला. एक ज्येष्ठ कार्यकर्ती म्हणाली, "एवढी संधी मिळते आहे, तर विचार जायला हवा." दुसरी म्हणाली, "ताई, तिने चिठ्ठीत विचार मागितलेला नाही, गाणी मागितली आहेत." मला दुसरीचं पटतं. दिवसभर दुसऱ्यांच्या मापाचे कपडे शिवणाऱ्या बाईला पाऊस, प्रेम, नुसती सतार ऐकण्याचाही हक्क आहे. यादीत चार गाणी निव्वळ आनंदाची आहेत. ती 'भर' म्हणून घातलेली नाहीत.

सगळ्यात अवघड प्रश्न स्पीकरचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी फक्त ५४ टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरता येईल असा मोबाइल होता. उरलेल्या बायका जे ऐकतात ते घरासमोर ऐकतात. माझ्या या मैत्रिणीचंही तसंच. स्पीकरवर लागलेलं गाणं नवरा ऐकणार, सासू ऐकणार, भिंतीपलीकडचे शेजारी ऐकणार. जातीवरचं, नवऱ्याच्या मारहाणीवरचं, बाईच्या इच्छेवरचं गाणं अवचित वाजलं तर त्याची किंमत ती मोजणार, मी नाही. गाण्यापायी किंमत मोजणाऱ्या बायका आपण पाहिल्या आहेत. कबीर कला मंचाच्या शीतल साठे यांना एप्रिल २०१३ मध्ये अटक झाली तेव्हा त्या गरोदर होत्या. त्याच वर्षी फेब्रुवारीत श्रीनगरच्या 'प्रगाश' या शाळकरी मुलींच्या बँडला धमक्या आणि फतव्यानंतर गाणं थांबवावं लागलं होतं.

मग अशी गाणी गाळायची का? गाळली तर तिला काय झेपेल हे मी परस्पर ठरवलं, असं होतं. आपल्या घरांत बापाने, नवऱ्याने, भावाने आपल्यासाठी आजवर हेच केलं. 'तुझ्या भल्यासाठी' म्हणून केलं. म्हणून मी वेगळा मार्ग घेतला आहे. पेन ड्राइव्हवर दोन कप्पे केले. एकात कुठेही लावता येतील अशी आठ गाणी, दुसऱ्यात चार. कागदावर प्रत्येक गाण्यापुढे ते कशाबद्दल आहे, कोणी रचलं, त्यात शिवी आहे का, हे साध्या शब्दांत लिहिलं. दुसरा कप्पा कधी उघडायचा, उघडायचा की नाही, हे ती ठरवील. पूर्ण माहिती द्यायची आणि निर्णय तिच्यावर सोडायचा, हे सल्ला केंद्रात आपण रोज म्हणतो. गाण्यांच्या बाबतीतही तेच.

आता पैशांबद्दल. 'इंटरनेटवर सगळं फुकट आहे, विकत कशाला?' असं अनेकींनी विचारलं. स्पॉटिफायने २०२४ पासून नियम केला, की मागच्या १२ महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकलं न गेलेल्या गाण्याला मानधन नाही. गावातल्या एखाद्या शाहीर बाईचं गाणं नऊशे वेळा ऐकलं गेलं तर तिच्या हाती शून्य येतं. घरकामाचं, शेतातल्या कामाचं मोल मागणाऱ्या आपण गाणाऱ्या बाईचे कष्ट फुकट कसे घ्यायचे? माझ्या यादीला चहा-नाश्त्याच्या खर्चाइतकेच पैसे लागले.

मैत्रिणींनो, पुढच्या देवघेवीसाठी तुमच्या गटाच्या चिठ्ठ्या पुढल्या अंकाआधी आमच्याकडे पाठवा. चिठ्ठीत नाव, पत्ता नको; 'मी कशावर ऐकते आणि ऐकताना घरात कोण असतं' एवढं मात्र जरूर लिहा. तुमच्या भागात स्वतःची गाणी रचणाऱ्या बायका असतील तर त्यांची परवानगी घेऊन आम्हाला कळवा; त्यांची यादी आपण याच अंकात छापू. आणि ज्या मैत्रिणीला माझी बारा गाणी मिळतील तिला एवढंच सांगायचं आहे: एखादं आवडलं नाही तर मोकळेपणाने लिही. तुझ्या आवडीचं एक गाणं मला उलट पाठवलंस तर अधिक चांगलं.

संपादक