म्हैसाळचं पाणी कधी येणार? आणि कसलं येणार?

विश्रामबाग (सांगली) : विश्रामबागेत नळाला येणारं आणि जतच्या शिवारात पोचणारं पाणी एकाच कृष्णेचं. जगातल्या पाण्यात गोडं पाणी जेमतेम अडीच-तीन टक्के, त्यातलंही बहुतेक बर्फात. म्हणून कृष्णेत काय मिसळतं, हा फक्त सांगलीकरांचा प्रश्न नाही.

सांगलीत शेरीनाल्याचं सांडपाणी वर्षानुवर्षं नदीत मिसळत आलंय. खाली म्हैसाळला तेच पाणी उचलून मिरज, कवठेमहांकाळ, जत तालुक्यांत नेलं जातं. पंप पाणी वर चढवतो, गाळून देत नाही.

पावसाळ्यात भरल्या नदीत घाण पातळ होते. उन्हाळ्यात कोयनेतून पाणी कमी सुटलं की तीच दाट होते, आणि आपल्याला आवर्तन हवं असतं तेव्हाच! ऊन पाण्याची वाफ करून नेतं, घाण मात्र तळ्यातच ठेवतं.

म्हणून ग्रामसभेत ठराव करताना दोन्ही मागा : आवर्तन वेळेवर आणि शहराचं सांडपाणी शुद्ध करूनच नदीत. तलावाचं पाणी गावाला प्यायला असेल, तर तपासणीचा अहवाल ग्रामपंचायतीत मागा. तोवर पाणी उकळूनच प्या.