कुत्रा परदेशी न्यायचाय? सहा महिने आधी लागा

होळी, वसई परिसरातून परदेशी जाणारी कुटुंबे पुष्कळ. व्हिसा येतो, तिकिटे निघतात आणि शेवटच्या पंधरवड्यात घरच्या कुत्र्याची आठवण होते! मग बिचाऱ्याच्या नशिबी शेजारी, नाहीतर रस्ता.

युरोपीय संघाचे नियम पाहा. भारतात रेबीज असल्याने आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, त्यानंतर किमान ३० दिवसांनी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेसाठी रक्ताचा नमुना आणि तेथून पुढे ३ महिने थांबणे, असा क्रम आहे. चिपच्या आधी टोचलेली लस धरत नाहीत. हीच चूक सर्वांत महाग पडते. ऑस्ट्रेलिया तर भारतातून थेट कुत्रा घेतच नाही.

काहींना हा जाच वाटतो. आम्हाला वाटत नाही. रेबीजची लक्षणे दिसू लागली की रोगी बहुधा वाचत नाही, हे आपल्याकडे वेगळे सांगायला नको.

प्रवासात झोपेचे औषध मात्र देऊ नये. विमानात श्वास व रक्तदाब बिघडण्याची भीती असते. त्याऐवजी पिंजऱ्यात बसण्याची सवय महिनाभर आधीपासून लावावी. वेळ कमी असेल तर कुत्रा आजी-आजोबांकडे ठेवून कागदपत्रे पुरी झाल्यावर मागाहून न्यावा. निर्यातीचे आरोग्य प्रमाणपत्र केंद्र सरकारच्या मुंबईतील प्राणी संगरोध कार्यालयातून मिळते.