कप्प्याच्या आकारावरून अक्कल मोजू नका

प्रवरानगरला 1950 साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि आजही अहिल्यानगर जिल्ह्याचे राजकारण-अर्थकारण उसाभोवती फिरते. जगभरची पेटंटे विषयवार लावणाऱ्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत मात्र साखरेचा ‘सी 13’ हा वर्ग अगदी छोटा आहे. 2011च्या आवृत्तीत तर रस काढून शुद्ध करणे, साखरेचे दाणे पाडणे यांसारख्या कामांचे वेगवेगळे उपवर्ग मोडून एका ‘सी 13 बी’त घातले गेले. उलट, सेमीकंडक्टरसाठी 2023मध्ये ‘एच 10’ हा नवाच वर्ग उघडला. म्हणून साखरेतले संशोधन संपले असे मानायचे का? मुळीच नाही. एका कप्प्यात अर्ज इतके साचले की जुना शोध हुडकताना तपासनिसाची दमछाक होते, तेव्हा तो फोडतात; वर्दळ आटली की शेजारच्यात मिसळतात. शिवाय उसापासूनचे इथेनॉल ‘सी 12 पी’त जाते आणि ऊसतोडणी यंत्र ‘ए 01 डी’त. एकाच पिकाचे ज्ञान असे तीन ठिकाणी विखुरते.

काही ज्ञानाला तर कप्पाच नाही. 1970च्या पेटंट कायद्याचे कलम 3 बियाणे, वाण आणि शेतीच्या पद्धती यांना पेटंट नाकारते, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे वाण किंवा अकोले तालुक्यात राहीबाई पोपेरे यांनी जपलेली गावरान बियाणी पेटंटच्या आकड्यात दिसणार नाहीत. वाणांची नोंद 2001च्या वेगळ्या कायद्याखाली होते. तरीही विद्यापीठांच्या एनआयआरएफसारख्या क्रमवारीत गुण मिळतात ते पेटंटना.

यावर कोणी म्हणेल, मोजायला काहीतरी आकडा हवाच आणि पेटंट निदान तपासून तरी दिलेले असते. मान्य, पण मग तुलना एकाच वर्गातल्या दोघांची व्हावी, ऊस आणि चिप यांची नव्हे. शिवाय कप्पे माणसेच आखतात. अमेरिकेने 1995मध्ये दिलेले हळदीचे पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने 1997मध्ये रद्द करून घेतले. तेव्हा बहुतेक वनस्पतिजन्य औषधे एकाच उपगटात कोंबलेली होती. भारताने पारंपरिक ज्ञानाची तपशीलवार वर्गवारी मांडली आणि 2006च्या आवृत्तीत ‘ए 61 के 36’खाली सुमारे दोनशे उपगट आले. हळदीचे गुण तेच राहिले, वाढले ते कप्पे. तेव्हा विद्यापीठांना पेटंटच्या संख्येवर तोलण्याऐवजी नोंदवलेले वाण आणि शेतकऱ्यांनी प्रत्यक्ष पेरलेले क्षेत्रही हिशेबात धरावे.