कविता म्हणजे तक्रार अर्ज नव्हे

कवी कविता का लिहितो? सदाशिव पेठेनं हा सवाल पिढ्यान्‌पिढ्या चघळला. उत्तर ठरलेलं: आनंदासाठी, स्वान्तःसुखाय. ज्यांचं सगळं सुखात आहे त्यांनी खुशाल तसं लिहावं. पण दोस्तांनो, आपली पोरं 'चळवळीसाठी' म्हणून मोकळी होतात, तेही तितकंच स्वस्त उत्तर आहे. चळवळीची बरीच कामं कवितेवाचून होतात.

१९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. त्याच साली नामदेव ढसाळचा 'गोलपिठा' आला. १९७३ ला पँथरचा जाहीरनामा निघाला, ढसाळ त्याच्या बाजूनं उभा. दलित कोण, हे त्यात बांधून सांगितलं: अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया. जाहीरनाम्याला एकच अर्थ लागतो. दोन निघाले की तंटा. १९७४ ला पँथर फुटली, त्यात हाही तंटा होता.

मग जाहीरनामा हाताशी असणाऱ्या माणसाला कविता कशाला हवी? 'गोलपिठा'ला प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. कित्येक शब्दांचे अर्थ त्यांना ढसाळलाच विचारावे लागले. एवढा मोठा नाटककार, अन् मुंबईच्याच मराठीपुढं अडला! अर्जात आपण साहेबाच्या भाषेत शिरतो: 'विनंती की', 'कृपा व्हावी'. कवितेत साहेबाला आपल्या भाषेत यावं लागतं. आपला कवी कविता लिहितो ती यासाठी.

पण म्हणून कवितेला पोलीस ठाण्यात नेऊ नका. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली फिर्याद द्यायची तर कोण, कधी, कुठं, कुणादेखत, काय बोलला, हे लागतं. तिथं 'ज्वालामुखी' लिहिलात तर आरोपीचा वकील खूश.

उलटी चूकही तेवढीच वाईट. पेपरातली बातमी उचलायची, ओळी तोडायच्या, शेवटी मशाल पेटवायची, की झाली विद्रोही कविता! त्यात बातमीपेक्षा जास्त काय आहे? टाळ्या पडतात, पुरस्कारही मिळतो. त्या बातमीतला माणूस मात्र तसाच मुका राहतो.

तेव्हा अत्याचार झाला की आधी गुन्हा नोंदवा. मग फिर्यादीत जे मावलं नाही ते लिहा. त्या रात्री आईनं चूल का पेटवली नाही, कुणाचं नाव घेऊन काय बोलली, ते लिहा. तिच्याच तोंडच्या शब्दांत लिहा, धुऊन-पुसून नको. अर्थ लागला नाही तर येतील विचारत आपल्या वस्तीत.