पातेल्यातला थर आणि ॲसिडची बाटली

बोअरचे पाणी रोज तापवल्यावर पातेल्याच्या तळाशी पांढरा थर बसतो, तो तुम्ही पाहिला असेलच. हा मळ नव्हे. दुष्फेन पाण्यात विरघळलेले कॅल्शियम बायकार्बोनेट तापले, की त्याचे अविद्राव्य कार्बोनेट होते व कार्बन डायऑक्साइड निघून जातो. चुनखडीत आणि शिंपल्यात असतो, तोच हा पदार्थ!

या थरातून उष्णता नीट वाहत नाही. इंधन जास्त जळते. तेव्हा तो काढायलाच हवा. पण त्यासाठी फरशी धुण्याचे तीव्र ॲसिड वापरणे मला मुळीच पटत नाही. त्याच्या वाफा घशाला झोंबतात, धातू झिजतो. आणि ते ब्लीचिंग पावडरीत मिसळले तर विषारी क्लोरीन वायू निघतो. त्यापेक्षा स्टीलच्या पातेल्यात व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घालून रात्रभर ठेवा. बुडबुडे येतील, थर सुटेल. वेळ लागेल, एवढेच.

शिक्षकांनी शिंपल्याचा तुकडा घेऊन हाच प्रयोग वर्गात दाखवावा. कोणत्या कामाला किती तीव्र आम्ल पुरे, हे ज्याला उमगले तो रसायनशास्त्र शिकला. नुसती समीकरणे घोकून ते कसे यावे?